लाकडी जहाजाचं किट: ५४० तासांचा हिशेब

व्हिडिओत मी तुम्हाला दुकानातलं ब्लूनोज जहाज फिरवून दाखवलं, पण बारा मिनिटांत सगळं सांगून होत नाही. शिवाय आकडे कागदावर बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. म्हणून हा लेख. एक वही आणि पेन घेऊन बसा.

मला विचारला जाणारा प्रश्न साधारण असा असतो: "मॅडम, बाहेरून लाकडी जहाजाचं किट मागवायचं, घरी बसून बनवायचं आणि विकायचं. धंदा होईल का?" मी हा धंदा करून बघितला आहे. पहिल्या ऑर्डरमध्ये पैसे घालवले आणि एका वडीलधाऱ्या माणसासमोर मान खाली घालायची वेळ आली. त्यामुळे आधी जहाज कसं बनतं ते सांगते आणि मग हिशेब. उलट क्रमाने सांगितलं तर हिशेब पटणार नाही.

माझं रत्नागिरीत गिफ्ट आणि हॉबी साहित्याचं दुकान आहे. पहिलं किट मला आतेभावाने भेट दिलं होतं. ब्लूनोज हे कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या लुनेनबर्गचं दोन डोलकाठ्यांचं स्कूनर. विल्यम रुए यांनी त्याचा आराखडा केला आणि १९२१ च्या मार्चमध्ये ते पाण्यात उतरलं. हंगामात मासेमारी करायचं आणि बाकी वेळी शर्यती मारायचं. १९३७ पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. १९४६ साली ते हैतीजवळ बुडालं. कमावतं जहाज होतं, राजाची नौका नव्हे, म्हणून मला ते आवडतं.

नवशिक्याने तोफांचं मोठं युद्धजहाज घेऊ नये. व्हिक्टरीसारख्या जहाजाला तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर आडवी परभाणं आणि शंभरावर तोफा असतात. दोरकामातच माणूस हरवतो. स्कूनरला मुख्य शिडं लांबीच्या दिशेने असतात, दोर कमी लागतात. त्याहून सोपं हवं असेल तर एखाद्या छोट्या होडीच्या, डोरीच्या किटपासून सुरुवात करा.

आता प्रमाण समजून घ्या. १:६४ म्हणजे खऱ्या जहाजाचे ६४ मीटर मॉडेलवर एक मीटर. ब्लूनोज सुमारे ४३.६ मीटर लांब होतं, भागिले ६४, म्हणजे ६८ सेंटीमीटर. पुढे बाहेर आलेला दांडा वेगळा. ही भागाकाराची सवय आत्ताच लावा, कारण ग्राहकाचं कपाट किती खोल आहे आणि काचेची पेटी केवढी लागेल, हे सगळं इथूनच निघतं. मी पहिल्या वेळी पेटीचा विचार जहाज झाल्यावर केला होता.

पेटी उघडली की लगेच कापाकापी सुरू करू नका. नकाशे भिंतीवर लावा. भागांची यादी घेऊन एकेक वस्तू मोजा. लेझरने कापलेल्या फळीतून भाग सुटे करण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलने नंबर टाका, नाहीतर नंतर सारखे दिसणारे आठ तुकडे हातात घेऊन बसाल. एखादा भाग कमी असेल तर पहिल्या दिवशी कळवलेलं बरं, सहाव्या महिन्यात कोणी ऐकत नाही. हे दुकानात माल उतरवून घेण्यासारखंच आहे.

जहाजाचा कणा म्हणजे कील. तो काचेवर आडवा ठेवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. वाकडा असेल तर किंचित ओलसर करून, दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन-तीन दिवस दाबून ठेवा. इथे "चालतंय की" म्हणालात तर पुढे कुठलीही कारागिरी ते लपवू शकत नाही. मग कण्यावर आडवे साचे बसतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. आधी फेव्हिकॉल न लावता बसवून बघा, प्रत्येकाला गुण्या लावा, आणि मगच चिकटवा.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. साच्यांच्या कडा तिरक्या घासायच्या, म्हणजे बाहेरची पट्टी प्रत्येक साच्याला पूर्ण टेकेल. एक लांब पट्टी पुढून मागे धरून बघायची. जिथे फट दिसते तिथे कमी आहे, तिथे पातळ चिप लावायची. जिथे पट्टी उचलली जाते तिथे जास्त आहे, तिथे घासायचं. माझा यात जवळजवळ आठवडा गेला. घरचे म्हणत होते, अजून जहाजासारखं काहीच दिसत नाही.

आता पट्ट्या लावणं, म्हणजे प्लँकिंग. इथे बहुतेकांचं जहाज बिघडतं आणि कारण निव्वळ गणिताचं असतं. जहाज मध्ये पोटाशी फुगलेलं आणि नाळेकडे निमुळतं असतं. पट्टी मात्र सगळीकडे सारख्या रुंदीची येते. समजा मधल्या साच्यावर वरच्या कडेपासून कण्यापर्यंत अंतर १२० मिलिमीटर आहे आणि पट्टी ४ मिलिमीटरची. म्हणजे एका बाजूला ३० पट्ट्या. तेच अंतर नाळेपाशी ७५ मिलिमीटर असेल तर ७५ भागिले ३०, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी अडीच मिलिमीटर हवी. म्हणजे पट्टी तासून पुढे निमुळती करावी लागणार. पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करू नका, टोक तुटतं. तेवढी वेळ आली तर दोन पट्ट्या संपवून तिथून पुढे एकच न्यायची. मागे, वरमेकडे, उलट जागा उरली तर पाचरीसारखी जादा पट्टी घालायची.

एका बाजूला पट्टी लावली की पुढची दुसऱ्या बाजूला. सलग चार डावीकडे लावल्या तर ओढ बसून कणा पिळतो. पट्टी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायची, हलकेच वाकवून चिमट्याने धरायची, आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवायची. चिमटे म्हणजे आमच्याकडे सासूबाईंचे कपडे वाळत घालायचे चिमटे. महागडे क्लॅम्प मी नंतर घेतले आणि खरं सांगू का, फारसा फरक पडला नाही.

"पूर्ण वाळल्यावरच" हे शब्द वहीत अधोरेखित करा. माझी चूक इथेच झाली आहे, पुढे येतंच.

डेक तुलनेने सोपा आहे. खऱ्या जहाजावर दोन फळ्यांमधली फट धाग्याने आणि डांबराने भरलेली असते. ती काळी रेघ आणण्यासाठी प्रत्येक पट्टीच्या कडेवर मऊ पेन्सिल फिरवायची आणि मग शेजारी शेजारी चिकटवायच्या. डेकवरच्या डोऱ्या हा ब्लूनोजचा खास भाग आहे. कोळी त्या छोट्या होड्या समुद्रात उतरवून मासे पकडायचे, आणि जहाजावर त्या वाट्यांसारख्या एकात एक रचलेल्या असायच्या. ग्राहकाची नजर सगळ्यात आधी तिथे जाते, हा माझा अनुभव आहे. तिथे वेळ द्या.

डोलकाठी निमुळती करायला गोल काठी ड्रिलच्या तोंडात धरून सॅंडपेपरमधून हळू फिरवा. चौकोनी लाकडापासून करत असाल तर आधी अष्टकोन, मग गोल. थेट गोल करायला गेलात तर काठी एका बाजूला जास्त खाल्ली जाते.

दोरकाम दोन प्रकारचं. डोलकाठ्यांना उभं धरून ठेवणारे स्थिर दोर, ते काळे. शिडं ओढणारे चालते दोर, ते फिकट. स्थिर आधी, चालते नंतर. बाजूचे आधाराचे दोर लावताना एक जोडी उजवीकडे, एक डावीकडे, असं पुढून मागे जायचं. फार ताणलंत तर काठी वाकते. मग त्या दोरांवर खलाशांच्या चढायच्या आडव्या पायऱ्या बांधायच्या. खऱ्या जहाजावर दोन पायऱ्यांत साधारण पंधरा इंच अंतर धरलं, तर ३८१ मिलिमीटर भागिले ६४, म्हणजे सहा मिलिमीटर. पांढऱ्या कार्डावर सहा-सहा मिलिमीटरच्या रेघा मारून ते कार्ड दोरांच्या मागे अडकवा आणि त्यावर बघून गाठी मारा. गाठीवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब. फेव्हिक्विक नको, दोर पांढरा आणि कडक होतो. रोज तासाभराच्या वर बसू नका. डोळे थकले की गाठी ढिल्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी सोडाव्या लागतात.

झालं जहाज. काउंटरमागे काचेत ठेवलं. इथून धंद्याची गोष्ट सुरू होते.

एक दिवस मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक कॅप्टन काका दुकानात आले. मूळचे इथलेच, राहायला पुण्यात. नातीसाठी रंगपेटी घ्यायला आले होते. जहाज बघून तिथेच थांबले. दोरांवर बोट न लावता, हवेतच बोट फिरवत एकेक दोराचं नाव घेत गेले. मग म्हणाले, "हे कोणी केलं गं?"

मी म्हटलं, "मीच, काका."

"मला असंच एक करून दे. काय घेशील?"

आता बघा. मी बीबीए केलं आहे. कॉस्टिंगच्या पेपरला मला चांगले मार्क होते. पण समोर कौतुक करणारा माणूस उभा असला की सगळं शिक्षण विसरायला होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, पन्नास म्हणजे कमी, साठ म्हणजे लाज वाटते. तोंडातून निघालं, "पंचावन्न हजार." काकांनी घासाघीस केली नाही. पंधरा हजार अॅडव्हान्स तिथेच दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिलं किट भेट मिळालेलं. त्यामुळे त्याची किंमत माझ्या डोक्यात शून्य होती! हे २०२१ साल. किटचं बिल आणि परदेशातून येणारं कुरियर मिळून २२,५०० रुपये झाले. अशी मॉडेल्स सीमाशुल्कात खेळण्यांच्या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली होती (२०२३ मध्ये ती ७० झाली). त्यावर सरचार्ज, सगळ्यावर जीएसटी, वर कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क. किट घरात आलं तेव्हा ४३,३०० रुपये गेलेले होते. दर बदलत राहतात, म्हणून माझा आकडा धरून बसू नका. ज्या दिवशी मागवाल त्या दिवशीचा दर सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटाला विचारा, आणि विचारल्यानंतरच ग्राहकाला किंमत सांगा.

रंग, दोर, सॅंडपेपर, ब्लेड यांचे ४,१५०. काचेची पेटी आणि लाकडी बैठक ७,८००. पुण्यापर्यंत गाडीने नेणं ३,०००. बेरीज करा: ५८,२५०. किंमत सांगितली होती ५५,०००. म्हणजे माझे हात फुकट राबले आणि वर मी ३,२५० रुपये दिले.

या वेळी मी तासांची नोंद ठेवली होती, ते एक शहाणपण केलं. नकाशे आणि भाग मोजणं १४ तास. कणा, साचे आणि त्यांच्या कडा ३८. पट्ट्या १३०. घासणं, लांबी भरणं, रंग ४०. डेक आणि त्यावरचं सामान १३८. डोलकाठ्या ६०. दोरकाम १२०. एकूण ५४०. हे दुसऱ्यांदा करतानाचे तास आहेत, पहिल्यांदा याहून कितीतरी जास्त गेले असतील. तासाला १२० रुपये धरा. हा काही कुशल कारागिराचा दर नव्हे, पण धरा. ६४,८०० रुपये. म्हणजे त्या जहाजाची खरी पडतळ १,२३,०५०. त्यावर नफा, त्यावर दुरुस्तीची तरतूद. आणि मी सांगून बसले होते ५५.

काकांना फोन करून किंमत वाढवून मागावी का? मी दोन दिवस विचार केला आणि नाही केला फोन. दिलेला शब्द होता. आजही मला ते बरोबर वाटतं. तुमच्यापैकी काही जणांना वाटणार नाही, मान्य आहे.

पण पैशांपेक्षा मोठी चूक वेगळीच होती. दिवाळीला द्यायचं म्हणून मी पट्ट्या लावायचं काम जुलै-ऑगस्टमध्ये केलं. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, घरात मिठाला पाणी सुटतं. भिजवलेल्या पट्ट्या त्या हवेत नीट वाळतच नव्हत्या. हाताला कोरड्या लागल्या की मी चिकटवत गेले. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीला फारसा फरक पडत नाही. फुगलेल्या तीस-तीस पट्ट्या एकमेकींना खेटून चिकटवल्या, रंग मारला, सुरेख दिसल्या. दिवाळीच्या आधी जहाज पुण्याला पोहोचलं. काकांनी उरलेले पैसे दिले आणि वर साडी दिली.

मार्चमध्ये काका जहाज घेऊन स्वतः गाडीने आले. पुण्याची कोरडी हवा आणि त्यात त्यांच्या खोलीत एसी. डाव्या बाजूच्या काळ्या रंगावर चार ठिकाणी लांब पांढरट चिरा, आतलं लाकूड दिसत होतं. सुती दोर ढिले पडून लोंबत होते. मला काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "काका, मी पैसे परत करते."

काका म्हणाले, "पैसे कशाला? जहाज गोदीत आलंय. गोदीत येणारच. किती दिवस लागतील तेवढं सांग."

मी तीन आठवडे सांगितले आणि पाच लागले. चिरांत त्याच लाकडाच्या कापट्या बसवल्या, घासून पुन्हा रंग केला. सुती दोर काढून पॉलिस्टरचे लावले, त्यांना हवेचा फरक फार कमी जाणवतो. या पाच आठवड्यांचे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत, आणि मागायचा हक्कही नव्हता. आता मी पट्ट्यांचं काम ऑक्टोबर ते मे एवढ्यातच करते. पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवते. भिजवलेली पट्टी एक पूर्ण दिवस वाळवते. डेक बसवण्याआधी आतल्या बाजूलाही लाखेचं पॉलिश मारते, म्हणजे दोन्हीकडून हवा सारखी अडते. आणि ग्राहकाला आधीच विचारते, जहाज कुठल्या गावात, कुठल्या खोलीत ठेवणार, एसी आहे का, ऊन येतं का.

मग धंदा होतो का? पूर्ण जहाज बांधून विकण्यावर घर चालेल असं मी कोणाला सांगणार नाही. वर्षाला ५४० तासांची किती जहाजं कराल? मी वर्षाला एकच ऑर्डर घेते, निम्मी रक्कम आधी आणि किटचा खर्च प्रत्यक्ष येईल तसा वेगळा. काही जण असाही सल्ला देतात की किटचे भाग स्कॅन करून लेझरवाल्याकडून कापून घ्या, स्वस्तात पडेल. ते डिझाइन किट कंपनीचं आहे. त्या वाटेला जाऊ नका.

माझा खरा गल्ला दोन गोष्टींतून येतो. एक, छोट्या होडीचा शनिवार-रविवारचा वर्ग. आठ माणसं, माझीच साधी डिझाइन, साहित्य माझं. पहिल्याच दिवशी कणा काचेवर ठेवून उजेड बघायला लावते. दुसरी गोष्ट मला काकांमुळे सापडली: दुरुस्ती. आपल्या किनारपट्टीवर घरटी कोणीतरी बोटीवर होतं किंवा आहे. त्यांनी कुठल्या कुठल्या बंदरांतून आणलेली लाकडी जहाजं शोकेसमध्ये पडून असतात. दोर तुटलेले, काठी मोडलेली, धूळ बसलेली. नवीन किट नाही, ड्यूटी नाही, भांडवल म्हणजे चिमटे, ब्लेड, दोर आणि डिंक. मी आधी फोटो मागवते, तासांचा अंदाज लिहून देते, एक चतुर्थांश तास वाढीव धरते आणि होकार आला की मगच जहाज ताब्यात घेते. ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो, ग्राहकाच्या समोर. एकदा नाही काढले, तर "ही शिडी आधी तुटलेली नव्हती" यावर एक अख्खी दुपार गेली होती.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं नव्या घरासाठी ब्लूनोज विचारायला आलं. मी वही उघडून तासांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं धरून १,६५,००० सांगितले. आवाज थोडा कापला, पण सांगितले. ते "विचार करून सांगतो" म्हणाले आणि गेले. अजून आले नाहीत. जाताना मात्र दोघांनी होडीच्या वर्गात नावं घातली.

तासांची नोंद ठेवायचा कोरा तक्ता मी व्हिडिओत दाखवला आहे तसाच वहीत आखून घ्या: तारीख, काम, सुरुवात, शेवट, काय बिघडलं. शेवटचा रकाना रिकामा सोडायचा नाही.